लुटुपुटूचे न्यायालय

सिंहासनबत्तिशीची कथा ज्याने कधी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. रानातल्या एका टेकाडावर गुराख्यांची पोरे खेळत असत. त्यांतील एक पोरगा टेकाडावर चढून बसला की तो राजा होई, बाकीची पोरे वादी-प्रतिवादी होत, आणि त्या पोराच्या तोंडून असा नेमका निवाडा बाहेर पडे की, थोर थोर पंडितांनीही तोंडात बोट घालावे. टेकाडाखाली विक्रमादित्याचे सिंहासन पुरलेले होते, त्याचा हा प्रभाव, असे कथा सांगते. सिंहासनाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी कथेत एक साधे सत्य उरतेच. ती मुले न्यायाचा खेळ खेळत होती आणि खेळता खेळता न्याय शिकत होती.

हा खेळ आजही खेळला जातो. खेळणारे गुराखी नसतात, कायद्याचे शिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी असतात. आणि टेकाडाच्या जागी महाविद्यालयाचे सभागृह असते. इंग्रजीत या खेळाला ‘मूट कोर्ट’ म्हणतात. मराठीत त्याला ‘अभिरूप न्यायालय’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. तेथे सारे काही खऱ्यासारखे असते. उंच आसनावर न्यायाधीश विराजमान होतात, काळे कोट घातलेले वकील अदबीने उभे राहतात, कायद्याची कलमे आणि जुने निवाडे पुढे मांडले जातात. खोटा असतो तो केवळ खटला. ज्याच्या जमिनीविषयी वाद चाललेला असतो, तो शेतकरी कोठेच राहत नसतो. ज्या राज्याविरुद्ध दाद मागितलेली असते, ते राज्य नकाशावर सापडत नाही. आणि निकाल कोणाच्याही बाजूने लागला, तरी संध्याकाळी दोन्ही पक्षांचे वकील एकाच टपरीवर चहा पितात.

अशा एका स्पर्धेसाठी एका महाविद्यालयातून तिघांचा संघ निवडला गेला. दोघी मुली बोलणार आणि तिसरा विद्यार्थी ग्रंथालयात बसून त्यांच्यासाठी आधार शोधणार, अशी वाटणी झाली. बोलणाऱ्या दोघींपैकी एक खेड्यातून आलेली होती. तिचे शिक्षण मराठी शाळेत झालेले, आणि स्पर्धेची भाषा होती इंग्रजी. निवड झाल्याचे कळले, तेव्हा तिला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. भर सभेत शब्द आठवला नाही तर? पाय लटपटू लागले तर?

ही धास्ती काही तिची एकटीची नव्हे. लंडनच्या ‘इनर टेम्पल’ या संस्थेतून १८९१ साली बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण मुंबईच्या लघुवाद न्यायालयात आपल्या पहिल्या खटल्यासाठी उभा राहिला. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची होती. परंतु त्याला घेरी आल्यासारखे झाले, एकही प्रश्न सुचेना. अखेर तो खाली बसला, घेतलेले तीस रुपये परत द्यायला तयार झाला आणि दुसरा वकील करा, असे सांगून निघून गेला. पुढे ज्याचा शब्द ऐकण्यासाठी लक्षावधी लोक जमत, तोच हा तरुण. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. हा प्रसंग गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच मोकळेपणाने सांगितला आहे.

पोहणे शिकण्यासाठी ज्याप्रमाणे प्रथम उथळ पाण्यात उतरावे लागते, त्याप्रमाणे वकिलाने प्रथम लुटुपुटूच्या न्यायालयात उतरावे, अशी कल्पना फार जुनी आहे. लंडनमध्ये लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन अशा वकिलांच्या चार प्राचीन संस्था आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथील विद्यार्थी रात्रीच्या जेवणानंतर संस्थेच्या दालनात एकत्र येत. संस्थेतील ज्येष्ठ वकील न्यायाधीश होऊन बसत आणि विद्यार्थी एखाद्या काल्पनिक खटल्यावर वाद घालीत. त्या काळी छापील पुस्तके दुर्मीळ होती. कायदा कानांनी ऐकून आणि तोंडाने बोलूनच शिकावा लागे. ‘मूट’ हा शब्दही जुन्या इंग्रजीतला असून त्याचा मूळ अर्थ सभा असा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात यादवी युद्ध पेटले आणि ही परंपरा खंडित झाली. परंतु पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले. या चार संस्थांपैकी ग्रेज इनमधूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली स्थापन झाले. १९३५ पासून काही वर्षे बाबासाहेब त्याचे प्राचार्य होते.

आता तर हा खेळ साऱ्या जगात पसरला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९६० साली एक छोटीशी स्पर्धा झाली. फिलिप जेसप या कायदेपंडिताचे नाव तिला मिळाले. तीत दोन काल्पनिक देशांचे भांडण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आले आहे, असे मानून वाद घालायचा असतो. आज अनेक देशांतील विद्यार्थी तीत भाग घेतात. बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९९ साली आणि पुन्हा २०१३ साली ही स्पर्धा जिंकली. १९९२ साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका स्पर्धेत तर भांडण अंतराळातले असते! एका देशाचा उपग्रह दुसऱ्या देशाच्या उपग्रहावर आदळला, तर भरपाई कोणी द्यायची, असले प्रश्न तेथे सोडवावे लागतात; आणि अंतिम फेरीत न्यायासनावर खुद्द आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश बसतात. अमेरिकेत शाळकरी मुलेही ‘अभिरूप खटला’ चालवतात. त्यात कोणी वकील होतो, कोणी साक्षीदार, आणि उलटतपासणीत भल्याभल्यांची भंबेरी उडते. आपल्या देशात वकिलांच्या शिखर संस्थेने २००८ साली केलेल्या नियमांत विद्यार्थ्यांनी तीन अभिरूप खटल्यांत काम करावे असे सांगितले आहे. प्रत्येक खटल्यास १० गुण. त्यांपैकी ५ लेखनाला आणि ५ बोलण्याला.

आपल्या मुलीच्या वाट्याला आलेला प्रश्न मात्र अंतराळातला नव्हता. तो अगदी मातीतला होता. एका काल्पनिक राज्याने एका काल्पनिक नदीवर धरण बांधले. खाली तीन दुष्काळी तालुके पाण्याची वाट पाहत होते. वर नऊ गावे बुडणार होती. त्यांपैकी आठ गावांतील लोकांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या, घरे मिळाली. नवव्या गावाला जमीन दिली ती खडकाळ होती, म्हणून ते गाव हलेना. पावसाळा तोंडावर आला. यंदा धरणाचे दरवाजे बंद केले नाहीत, तर तीन तालुके आणखी एक वर्ष तहानलेले राहणार होते. सरकार म्हणाले, “आम्ही जमीन दिली, आमचे कर्तव्य संपले, आता पाणी अडवणार.” गावकरी उच्च न्यायालयात गेले.

ही हकिकत वाचताना मुलीच्या काळजाचा ठोका चुकला. कारण तिचे स्वतःचे घराणे धरणग्रस्त होते. तिचे वडील तीन वर्षांचे असताना त्यांचे मूळ गाव एका धरणाच्या पाण्याखाली गेले होते. उन्हाळ्यात पाणी उतरले की, देवळाचा कळस अजूनही वर दिसतो, हे तिने आजीकडून शंभरदा ऐकले होते. कागदावरील ते काल्पनिक नववे गाव तिला काल्पनिक वाटेचना.

स्पर्धेचा नियम असा की, प्रत्येक संघाने दोन्ही पक्षांची लेखी निवेदने तयार करायची. याचिकाकर्त्यांचे निवेदन निळ्या मुखपृष्ठाचे, प्रतिवादीचे लाल मुखपृष्ठाचे. कोणत्या फेरीत कोणती बाजू मांडायची, ते ऐन वेळी चिठ्ठी टाकून किंवा नाणे उडवून ठरते. निवेदनावर महाविद्यालयाचे नाव घालता येत नाही, केवळ एक सांकेतिक क्रमांक असतो. समोर उभा राहिलेला कोणत्या गावचा, कोणत्या संस्थेचा, हे न्यायाधीशांना कळू नये म्हणून. प्रश्नात दिलेल्या हकिकतीत पदरचे काहीही घालता येत नाही. दुसऱ्या संघांचे वादविवाद चोरून ऐकता येत नाहीत. खेळ लुटुपुटूचा, पण त्याचे नियम रामशास्त्र्यांनाही मान्य व्हावेत असे कडक!

मुलीने निळे निवेदन लिहायला घेतले आणि रात्री कशा सरल्या, ते तिला कळले नाही. संविधानातील अनुच्छेद ३००-क तिने मुखोद्गत केला. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे तो सांगतो. भूसंपादनाचा २०१३ सालचा कायदा तिने ओळीओळीने वाचला. पाटबंधाऱ्याच्या कामासाठी जमीन घेतली असेल, तर ती पाण्याखाली जाण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे, ही त्यातील तरतूद सापडली, तेव्हा तिला आकाश ठेंगणे झाले. नंतर लाल निवेदन आले. तेही तिने लिहिले. पण एखाद्याने नावडती भाजी ताटाच्या कडेला सारावी, तसे. सहा पानांत काम उरकले.

मार्गदर्शक प्राध्यापिकांनी दोन्ही निवेदने वाचली आणि लाल निवेदन तिच्यापुढे सरकवले.

“हे तू लिहिलेले नाहीस,” त्या म्हणाल्या.

“मीच लिहिले आहे, बाई.”

“हाताने लिहिले असशील. सरकारची बाजू इतकी लुळी आहे, असे तुला खरोखर वाटते काय?”

मुलगी गप्प राहिली. मग तिने खाली मान घालून आपल्या घराण्याची हकिकत सांगितली. प्राध्यापिकांनी ती शांतपणे ऐकून घेतली. “मग तर तू घरी जाऊन ये,” त्या म्हणाल्या, “आणि आजीलाच विचार.”

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली. संध्याकाळी ओसरीवर बसून तिने आजीला सारा प्रश्न समजावून सांगितला. आजीला शाळा ठाऊक नव्हती. पण धरण ठाऊक होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोरी, आमची चूल बुडाली तवा मी लई रडले. सरकारला लई शिव्या दिल्या. पण दोन वर्सांनी धाकट्या बहिणीच्या गावाला गेले. दुष्काळी गाव ते. आधी ती कोसभर चालून एक घागर आणायची. त्या साली गेले, तर तिच्या शिवारातनं पाट वाहत हुता. आमच्याच धरणाचं पाणी! तिच्या डोक्यावरची घागर उतरली आणि आमच्या डोक्यावर बोचकं आलं. आता तूच सांग, धरण बरं का वाईट?”

“मग तू न्यायाधीश असतीस तर काय निवाडा दिला असतास, आज्जी?”

“मला काय कळतंय त्यातलं? मी आपली म्हणले असते, धाकटीला पाणी जाऊ दे बाबा. पण आधी माझं छप्पर उभं कर.”

त्या रात्री मुलीला झोप लागली नाही. इतकी वर्षे देवळाच्या कळसाची गोष्ट तिने ऐकली होती. धाकट्या बहिणीच्या पाटाची गोष्ट मात्र आजच ऐकली. आजीने ती लपवून ठेवली नव्हती. ती तिला कोणी विचारलीच नव्हती.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांची वाद करण्याची एक ठरलेली रीत होती. प्रथम ते प्रतिपक्षाचे म्हणणे मांडीत. त्याला पूर्वपक्ष म्हणत. मग त्याला उत्तर देत; तो उत्तरपक्ष. आणि अखेरीस निष्कर्ष सांगत, तो सिद्धान्त. पूर्वपक्ष जितका समर्थपणे मांडलेला असेल, तितका सिद्धान्त भक्कम ठरे. प्रतिपक्षाला मुद्दाम दुबळा करून दाखवायचे आणि मग त्याला लोळवायचे, यात पांडित्य कसले? गवताच्या बुजगावण्याला आडवे करणाऱ्याला कोणी पहिलवान म्हणत नाही. अभिरूप न्यायालयात दोन्ही निवेदने एकाच हाताने लिहून घेतात, त्यामागे हाच विचार असला पाहिजे.

परत आल्यावर मुलीने प्रश्नाचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मात्र या वेळी धरणाच्या खाली, रिकामी घागर घेऊन उभी राहून वाचला. आणि मग तिला पूर्वी कधीच न दिसलेली एक ओळ दिसली. सतराव्या परिच्छेदात गावांची उंची दिलेली होती. नववे गाव इतर आठ गावांपेक्षा पुष्कळ उंचावर होते. म्हणजे धरण अर्धे भरले, तर आठ रिकामी गावे बुडतील. पण नवव्या गावाच्या उंबऱ्याला पाणी लागणार नाही! निळे निवेदन लिहिताना तिने तो परिच्छेद दहादा वाचला होता. परंतु आपल्याला हवे तेच पाहणाऱ्या डोळ्यांना समोरचा आकडा दिसत नाही. तिने लाल निवेदन फाडले आणि नवे लिहायला घेतले.

स्पर्धेचा दिवस उजाडला. पहिल्या फेऱ्यांत त्यांना कधी निळी बाजू आली, कधी लाल. संघ एकेक पायरी चढत अंतिम फेरीत पोचला. अंतिम फेरीसाठी नाणे उडवले गेले. मुलीने मनातल्या मनात नवव्या गावाचे नाव घेतले. पण नाण्याने सरकारची बाजू दिली.

सभागृह भरले होते. न्यायासनावर तिघे न्यायाधीश होते. त्यांतील मधले न्यायमूर्ती निवृत्त होते आणि त्यांचा दरारा मोठा होता. समोरच्या संघाने गावकऱ्यांची बाजू उत्तम मांडली. त्यांच्या तोंडून सहा महिन्यांची ती तरतूद ऐकताना मुलीला वाटले की, आपलेच शब्द कोणीतरी उसने नेले आहेत. मग तिचे नाव पुकारले गेले. म्हणजे नाव नव्हे, क्रमांक.

ती उभी राहिली. पाय लटपटले, पण मेजाचा आधार होता. पहिली दोन वाक्ये तिने घडाघडा म्हटली, तोच मधल्या न्यायमूर्तींनी हात वर केला. अभिरूप न्यायालयात पाठ केलेले भाषण कोणीही शेवटापर्यंत ऐकून घेत नाही. न्यायाधीश मध्येच अडवतात, खिंडीत गाठतात, आडवेतिडवे प्रश्न विचारतात. त्यांना वकिलाचे पाठांतर पाहायचे नसते, त्याची समज पाहायची असते.

“विद्वान वकील म्हणतात की, सरकारने नवव्या गावाला जमीन दिली म्हणजे पुनर्वसन पूर्ण झाले,” न्यायमूर्ती म्हणाले. “ज्या जमिनीत नांगर चालत नाही, ती जमीन देणे म्हणजे पुनर्वसन, असे आपले म्हणणे आहे काय? हो किंवा नाही, एवढेच सांगा.”

सभागृहात शांतता पसरली. वेळ मोजणाऱ्या विद्यार्थ्याने ‘पाच मिनिटे’ असे लिहिलेली पाटी वर धरली. ‘हो’ म्हणावे, तर ते खोटे होते. ‘नाही’ म्हणावे, तर सरकारचा पहिला मुद्दा हातचा जात होता. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मेजाखालून तिच्या कोटाचे टोक ओढले. ‘हो’ म्हण, असाच त्याचा अर्थ होता.

“नाही, न्यायमूर्ती महाराज,” मुलगी म्हणाली.

न्यायमूर्तींच्या भुवया वर गेल्या. “म्हणजे आपण मुद्दा सोडून देता?”

“एक मुद्दा सोडते, महाराज, पक्ष सोडत नाही.” तिचा आवाज आता स्थिर झाला होता. “नववे गाव अजून वसलेले नाही, हे राज्याने मान्य केले पाहिजे. परंतु खाली तीन तालुके तहानलेले आहेत, हेही न्यायालयाने विसरू नये. कृपया सतरावा परिच्छेद पाहावा. नववे गाव उंचावर आहे. त्या गावाच्या पातळीखालपर्यंत पाणी अडवण्याची राज्याला परवानगी द्यावी. त्या गावाला कसदार जमीन मिळून, लोक तेथे राहायला जाऊन सहा महिने होईपर्यंत पाणी त्यावर चढू देणार नाही, अशी हमी राज्य देईल.”

तिन्ही न्यायाधीशांनी एकाच वेळी कागद उलटले. समोरच्या बाजूचे वकीलही घाईघाईने सतरावा परिच्छेद शोधू लागले.

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. राज्याने हमी मोडली तर? अर्ध्या पाण्याने किती तालुक्यांचे भागेल? एखाद्या शब्दावर ती अडखळली. एकदा तर इंग्रजी शब्द न आठवून क्षणभर थांबली आणि तीच गोष्ट साध्या शब्दांत सांगून मोकळी झाली. वेळ संपल्याची पाटी वर आली, तेव्हा ती नमस्कार करून खाली बसली. मैत्रिणीने तिच्याकडे पाहिले नाही.

निकाल लागला. त्यांचा संघ थोड्या गुणांनी हरला. समोरच्या संघाचे लेखी निवेदन अधिक नीटस होते आणि त्यांचे दोन्ही वक्ते सारख्याच तोलाचे होते, असे परीक्षकांनी सांगितले. निकाल योग्यच होता. ढाल घेऊन दुसरा संघ हसत हसत व्यासपीठावरून उतरला.

मंडळी पांगू लागली, तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती मुलीजवळ येऊन थांबले. “मी चाळीस वर्षे न्यायालयात काढली,” ते म्हणाले. “‘हो’ म्हणणारे वकील पुष्कळ पाहिले. ज्याच्या ‘नाही’वर विश्वास ठेवता येतो, त्याचे ‘हो’ न्यायालय अधिक लक्ष देऊन ऐकते. एवढे ध्यानात ठेव.” आणि काठी टेकीत ते निघून गेले.

मैत्रीण बराच वेळ अबोल होती. बसस्थानकावर पोचल्यावर ती म्हणाली, “तू ‘हो’ म्हणाली असतीस, तर आपण कदाचित जिंकलो असतो.”

“कदाचित,” मुलगी म्हणाली.

“पण मला तो सतरावा परिच्छेद दिसला नव्हता,” मैत्रीण थोड्या वेळाने पुटपुटली आणि तिने पिशवीतून दोघींसाठी शेंगदाण्याचे लाडू काढले.

कोणी म्हणेल, या साऱ्या खटाटोपाने काय साधले? धरण काल्पनिक, गाव काल्पनिक, निवाडाही काल्पनिक. एका माणसाचे अश्रू पुसले गेले नाहीत की एक ओंजळ पाणी कोणाच्या रानात गेले नाही. हे खरे आहे. परंतु उद्या हीच मुले खऱ्या न्यायालयात उभी राहतील. तेव्हा त्यांच्यामागे जो अशील बसलेला असेल, त्याचे घर खरे असेल आणि त्याची तहानही खरी असेल. त्या दिवशी चूक झाली, तर ती पुसता येणार नाही. चुका करायच्या, घाबरायचे, अडखळायचे, आणि आपल्याला नको असलेल्या बाजूकडून जगाकडे पाहायला शिकायचे, तर ते लुटुपुटूच्या न्यायालयातच शिकलेले बरे.

रात्री मुलीने घरी दूरध्वनी केला. आजीने तो कानाला लावून मोठ्याने विचारले, “झाली का गं तुझी कोरट?”

“झाली, आज्जी. आम्ही हरलो.”

“हरलीस व्हय?” आजी क्षणभर थांबली. मग तिने विचारले, “मग धाकटीला पाणी मिळालं का न्हाई?”

मुलीला काही क्षण बोलता येईना. जिचे घर बुडाले होते, तिने प्रथम पाण्याची चौकशी केली होती.

“अर्धं मिळालं, आज्जी,” ती म्हणाली. “उरलेलं तुझं छप्पर उभं राहिल्यावर.”

पलीकडून आजीच्या हसण्याचा आवाज आला.